बाबांची मेटोप्रोलॉल बंद करताना : प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२५

आज हृदयरोगतज्ज्ञांकडे वार्षिक तपासणी. एरवी बाबांच्या तक्रारी आई सांगते आणि बाबा भिंतीवरचं कॅलेंडर बघतात. आज उलटं झालं. बोटं गार पडतात, सकाळी उठून उभं राहिलं की अंधारी येते, अजिंक्यताऱ्याच्या चढावर पहिल्या वळणालाच पाय भरून येतात, हे सगळं त्यांनी स्वतःच एका दमात सांगितलं. पल्स ५२ भरला. डॉक्टरांनी नवा इको आणि ईसीजी शांतपणे पाहिला आणि म्हणाले, "मेटोप्रोलॉल बंद करून बघू. पण मी सांगेन त्या वेगाने."

पार्श्वभूमी लिहून ठेवते. २०२१ मध्ये हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. तेव्हापासून मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५० मिलिग्रॅम, रोज सकाळी. शिवाय रक्त पातळ ठेवायला ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटॉर्व्हास्टॅटिन (स्टॅटिन गटातलं) आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन ४०. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ५८ टक्के, म्हणजे हृदयाचं पंपिंग चांगलं. अटॅकनंतर छातीत दुखलेलं नाही, ठोक्यांची लय बिघडलेली नाही. एवढं सगळं जुळलं म्हणून हा विषय निघाला. इजेक्शन फ्रॅक्शन ४०च्या खाली असतं, तर डॉक्टरांनी तो काढलाच नसता.

घरी चपला काढता काढता बाबा म्हणाले, "मग उद्यापासून घेत नाही." म्हणून ही वही.

११ सप्टेंबर

बाबांना "एकदम का नाही" हे पटवण्यात संध्याकाळ गेली.

मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर गटातला. बीटा ब्लॉकर काय करतो, तर ॲड्रेनलिनला हृदयाच्या पेशींवर जिथे जाऊन बसायचं असतं त्या जागा अडवून ठेवतो. ठोके मंदावतात, जोर कमी होतो, हृदयाची ऑक्सिजनची मागणी घटते. शरीर मात्र गप्प बसत नाही. जागा अडवलेल्या दिसल्या की ते नव्या जागा तयार करतं. अशी काही वर्षं गेल्यावर गोळी अचानक थांबवली, तर जुन्या आणि नव्या अशा सगळ्याच जागा उघड्या पडतात आणि तेवढ्याच ॲड्रेनलिनचा परिणाम कितीतरी जास्त होतो. मेटोप्रोलॉल रक्तातून लवकर उतरतं, निम्मं व्हायला ३ ते ७ तास पुरतात. सावकाश विरघळणारी गोळी असली तरी दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. वाढलेल्या जागा पूर्ववत व्हायला मात्र आठवडा-दोन आठवडे जातात. धोका या मधल्या काळात आहे.

हे कागदावरचं गणित नाही. प्रोप्रानोलॉल हा या घराण्यातला पहिला गाजलेला सदस्य, १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधलेला. त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. १९७० च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हृदयविकाराच्या काही रुग्णांनी तो एकदम थांबवला की पुन्हा छातीत दुखू लागतं, काहींना अटॅकही येतो. अमेरिकेत मेटोप्रोलॉलच्या माहितीपत्रकात हा इशारा असतो : एक ते दोन आठवड्यांत डोस उतरवत आणा, अचानक थांबवू नका.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे क्लच. एकदम सोडला की गाडी उडी मारते." पटलं एकदाचं.

१३ सप्टेंबर

डोस बदलायच्या आधीचे आकडे हवेत. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. आधीची स्थिती नोंदवल्याशिवाय बदलाबद्दल बोलायचं नाही, हा नियम अंगात मुरलाय.

मापायची पद्धत डॉक्टरांच्या नर्सताईंनी दाखवली ती अशी. चहा, तंबाखू, चालणं यातलं काही आधीचा अर्धा तास नको. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर आणि छातीच्या उंचीला. मापताना गप्पा बंद. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मापून सरासरी लिहायची. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाआधी. बाबांना "गप्पा बंद" सगळ्यात अवघड जातं.

आमचं यंत्र दवाखान्यात नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून पाहिलं. दोन-तीन अंकांचा फरक, चालेल.

२० सप्टेंबर

सुरुवातीचे आकडे : पल्स ५० ते ५६, बीपी १२४/७६ च्या आसपास. झोप ठीक, पण स्वप्नं फार पडतात. आई म्हणते चार वर्षांपासून झोपेत बडबडतात. या औषधांनी अशी स्वप्नं पडू शकतात, हे आम्हाला आत्ता कळलं.

सोमवारी घटस्थापना. बाबा नऊ दिवस उपवास करणार, साबुदाणा आणि वऱ्याचे तांदूळ. खाणंही बदलणार आणि गोळीही बदलणार, मग काही बिघडलं तर दोष कुणाला द्यायचा? एका वेळी एकच बदल. दसऱ्यानंतर सुरू करू असं डॉक्टरांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. चार वर्षं घेतलेली गोळी आणखी दोन आठवडे घेतल्याने काही बिघडत नाही.

२५ सप्टेंबर

कट्ट्यावर बातमी पोचली. बाबांच्या एका मित्राने "मी पण सोडतो" म्हणून जाहीर करून टाकलं. त्यांची पिशवी मागवून पाहिली, तर ते बीटा ब्लॉकर घेतच नाहीत. सोडायला निघाले होते ती रक्त पातळ करणारी गोळी. स्टेंट घालून वर्षही झालेलं नाही. त्यांच्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं.

४ ऑक्टोबर

डॉक्टरांकडून लेखी आराखडा घेतला. ५० वरून २५, दोन आठवडे. मग १२.५, दोन आठवडे. मग बंद. प्रत्येक पायरीला आधी फोन करून विचारायचं. शनिवारी-रविवारी पायरी उतरायची नाही, कारण त्रास झालाच तर तो बहुतेक दुसऱ्या ते पाचव्या दिवसात होतो आणि त्या वेळी डॉक्टर जागेवर हवेत. ॲस्पिरिन आणि ॲटॉर्व्हास्टॅटिनला हात लावायचा नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलंय.

मी विचारलं, आता अचानक ही गोळी नको कशी झाली? त्यांनी अभ्यासांची नावं लिहून दिली, रात्री वाचत बसले. अटॅक आलेल्या प्रत्येकाला बीटा ब्लॉकर द्यायचा हा रिवाज स्टेंट आणि स्टॅटिन सर्रास नव्हते त्या काळातला. २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या रिड्यूस-एएमआय चाचणीत, पंपिंग चांगलं असलेल्या ५,०२० जणांमध्ये गोळीचा फायदा दिसला नाही. यंदा ऑगस्टमध्ये स्पेन आणि इटलीची रीबूट चाचणी आली, ८,५०५ जण, तिथेही नाही. पण त्याच वेळी नॉर्वे आणि डेन्मार्कच्या ५,५७४ जणांच्या चाचणीत थोडा फायदा दिसला : गोळी घेणाऱ्यांत १४.२ टक्के घटना (मृत्यू, अटॅक वगैरे), न घेणाऱ्यांत १६.३.

आणि आमच्याशी सगळ्यात जवळची फ्रान्सची ॲबिस चाचणी. बाकीच्यांमध्ये प्रश्न होता सुरू करावी का. इथे आधीपासून घेणाऱ्यांची थांबवली. ३,६९८ जण. थांबवलेल्यांत २३.८ टक्के, चालू ठेवलेल्यांत २१.१ टक्के लोकांना पुढे काही ना काही झालं, बहुतांशी हृदयाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात भरती. बीपी थोडं वाढलं, पल्स साधारण दहाने वाढला. आणि थांबवल्यावर जगण्याची प्रत सुधारेल ही अपेक्षा होती, ती आकड्यांत दिसली नाही.

हे शेवटचं वाचून दाखवल्यावर बाबा जरा हिरमुसले. मी म्हटलं, "बाबा, तुमचा पल्स ५० आहे आणि तुम्हाला अंधारी येते. ते तीन हजार लोक तुमच्यासारखे तक्रारी घेऊन आले नव्हते." डॉक्टरांचंही हेच म्हणणं होतं : सरसकट सगळ्यांची थांबवणार नाही, त्रास होतोय त्याची थांबवून बघणार. मला हे पटतं. "औषध वाईट म्हणून सोडा" असं कुणीच म्हटलेलं नाही.

७ ऑक्टोबर

काल कोजागिरी, गच्चीवर मध्यरात्रीपर्यंत जागरण आणि दूध, म्हणून कालचा मुहूर्त टाळला. आज २५ ची पहिली गोळी.

५० आणि २५ च्या स्ट्रिप शेजारी ठेवून पाहिल्या. चंदेरी पाठ, तोच निळा पट्टा, तीच अक्षरं. फरक फक्त कोपऱ्यातल्या बारीक आकड्यात. कात्रीने एक गोळी कापून घेतली की तो आकडाही जातो. ५० ची उरलेली स्ट्रिप डब्यातून काढून माझ्या कपाटात ठेवली. फेकायची नाही. मागे जावं लागलं तर तीच लागेल.

९ ऑक्टोबर

तिसरा दिवस. पल्स सकाळी ६६, रात्री ७०. बीपी १३०/८०. बाबा म्हणतात डाव्या कुशीवर झोपलं की कानात ठोके ऐकू येतात.

इथे घाबरायला होतं, पण ७० हा जगातल्या निम्म्या माणसांचा पल्स आहे. चार वर्षं पन्नाशीत राहिलेल्या माणसाला तो धावल्यासारखा वाटतो एवढंच. उजव्या कुशीवर झोपायला सांगितलं.

फ्रिजवर कागद लावला. छातीत दुखणं, दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दम लागणं, चक्कर येऊन पडणं : यातलं काहीही झालं तर १०८. जुनी गोळी घेऊन "बघू कमी होतंय का" असं करत बसायचं नाही. बसल्या जागी पल्स ११० च्या वर जाऊन अर्धा तास खाली आला नाही किंवा बीपी १८०/११० दिसलं, तर लगेच डॉक्टरांना फोन. हे आकडे आमच्या डॉक्टरांनी बाबांसाठी दिलेले आहेत.

१२ ऑक्टोबर

नवीन अडचण : बाबा दिवसभर मापत बसतात. यंत्राच्या मेमरीत आज पहाटेपासूनचे आकडे ओळीने सापडले, ६८, ७४, ८१, ८४. मापलं की जास्त येतं, जास्त आलं की छाती धडधडते, मग पुन्हा मापायचं. आईने यंत्र देवघराच्या कपाटात कुलूपबंद केलं. किल्ली तिच्या कमरेला. संध्याकाळी ७२.

एकूण हुरहुर वाढलीय हे खरं. टीव्हीवर कुणी ओरडलं तरी दचकतात. हात पुढे धरले की बोटांना बारीक कंप आहे. बीटा ब्लॉकर हा कंपही दाबून ठेवतो. स्टेजवर जायच्या आधी काही वादक तो याचसाठी घेतात. आता दाबणारं निम्मं झालं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर वाट बघा. चहा तीनवरून एक केला. तोही सकाळचा, आणि कुरबुर करत.

१५ ऑक्टोबर

हवा बदलली, बाबांना सर्दी. गल्लीतल्या मेडिकलवाल्याने विचारल्यावर लगेच सर्दीची गोळी काढून दिली. मागे नाव वाचलं : फिनाइलएफ्रिन. नाक मोकळं करायला रक्तवाहिन्या आवळणारं औषध, बीपी वाढवणारं. एरवी एखादी चालून जाते, पण आत्ता नकोच. परत केली. गुळण्या, वाफ, आणि लागलीच तर साधी पॅरासिटामॉल.

मग आईचा काढा आला. त्यात ज्येष्ठमध. घशाला उत्तम, पण रोज घेतलं तर तेही बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. आईला हे पटेना, "आजीच्या काळापासून घेतोय." शेवटी तुळस, आलं आणि गवती चहावर तडजोड झाली.

२३ ऑक्टोबर

दिवाळीत पायरी उतरलो नाही, अंदाज होताच. पहाटेचं अभ्यंगस्नान, चिवडा, शेव, रात्री फटाक्यांच्या धुरात गप्पा. बीपी १४६/८८ पर्यंत गेलं. पल्स मात्र ७४ वर टिकून, म्हणजे हा मिठाचा आणि जागरणाचा हिशेब. डॉक्टर म्हणाले, घरातला फराळ संपेपर्यंत २५ वरच थांबा.

२७ ऑक्टोबर

१२.५ सुरू. २५ ची अर्धी करायची की १२.५ ची वेगळी आणायची, हा प्रश्न होता. सावकाश विरघळणारी गोळी मधल्या रेघेवर तोडता येते, पण कुटायची किंवा चावायची नाही, कारण मग दिवसभराचं औषध एकदम अंगात येतं. बाबांना गोळ्या चावून खायची जुनी खोड आहे. १२.५ ची अख्खी आणली.

दुकानात आधी टार्ट्रेट पुढे केलं होतं. तेही मेटोप्रोलॉलच, पण लवकर उतरणारं, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घ्यायचं. "सेमच आहे ताई." सेम नाही. सक्सिनेट मागवून घेतलं.

३० ऑक्टोबर

रात्री दोनला आईने उठवलं. बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, बनियन घामाने ओली, हात थरथरतायत. पहिला प्रश्न छातीचा. दुखत नाही, दडपण नाही, दम नाही. "नुसतं धडधडतंय, आणि मधेच एक ठोका चुकतो." पल्स १०४, बीपी १५२/९०. डायबेटिस नाही, तरी ग्लुकोमीटरवर साखर बघून घेतली, ठीक. खिडकी उघडली, पाणी दिलं, पाय खाली सोडून बसवलं. अर्ध्या तासात ८८. रात्री फोन केला नाही, कारण फ्रिजवरच्या कागदातलं एकही लक्षण नव्हतं. पण आई पहाटेपर्यंत जागी राहिली, आणि मीही.

सकाळी लगेच दवाखान्यात. ईसीजीत लय नियमित, अधूनमधून एखादा जादा ठोका. नवीन बदल नाही. ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) केलं, नॉर्मल. डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले : २५ वर परत जाऊ, किंवा १२.५ वरच जास्त दिवस थांबू. परत जाण्यात हार नाही हे त्यांनी बाबांकडे बघून सांगितलं, कारण बाबांचा चेहराच तसा झाला होता. ठरलं : थांबू. दोन आठवड्यांची पायरी तीन आठवड्यांची. पुन्हा अशी रात्र आली तर २५.

२ नोव्हेंबर

परत तसं झालेलं नाही. पल्स ७८–८२. रात्री जेवण आठच्या आत, मोबाइल बाहेरच्या खोलीत. यातलं नेमकं कशाने बरं वाटतंय हे सांगता येणार नाही. टेस्टर म्हणून ते खुपतं, मुलगी म्हणून चालेल.

१० नोव्हेंबर

पल्स ७४–७६. हाताचा कंप गेला. बीपी मात्र सकाळचं सतत १३८–१४२. मेटोप्रोलॉल बीपीलाही थोडा हातभार लावत होतं, तो आता नाही. टेल्मिसार्टन ४० चं ८० केलं. काही दिवसांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते) बघायचं आहे.

बाबा : "एक काढायला गेलो आणि दुसरी वाढली." हो. पण बोटं गार नाहीत, आणि आईच्या सांगण्यानुसार झोपेतली भाषणं बंद.

१७ नोव्हेंबर

आजपासून मेटोप्रोलॉल नाही. डब्यातला सकाळचा कप्पा एक गोळीने रिकामा, बाबांनी दोनदा मोजून बघितलं.

२१ नोव्हेंबर

पाचवा दिवस. पल्स ७८, बीपी १३०/७८. मंगळवारी दुपारी थोडी धडधड, झोपून उठल्यावर गेली. बस.

२६ नोव्हेंबर

पोटॅशियम, क्रिएटिनिन ठीक. बाबांच्या पाकिटातलं औषधांचं कार्ड नवं केलं. मेटोप्रोलॉलवर काट मारून शेजारी बंद केल्याची तारीख लिहिली. उद्या कुठे दुसरीकडे भरती व्हायची वेळ आली तर जुनी यादी बघून कुणी पुन्हा ५० सुरू करायला नको.

८ डिसेंबर

स्ट्रेस टेस्ट झाली. ट्रेडमिलवर छातीत दुखलं नाही, ईसीजीत काळजीचं काही नाही. बसल्या जागचा पल्स ७४. डॉक्टर म्हणाले बंदच ठेवू, तीन महिन्यांनी या. मधे छातीत जरा जरी काही वाटलं तर तारीख बघू नका. रविवारी बाबा अजिंक्यताऱ्यावर दरवाज्यापर्यंत जाऊन आले. तरुण झाले असं काही नाही, वाटेत बसलेच. पण अंधारी आली नाही.

११ डिसेंबर

कराडहून आत्याचा फोन. "दादाची बंद झाली, मग माझी पण विचार ना." आत्याचं इजेक्शन फ्रॅक्शन ३५, ती कार्वेडिलॉल घेते. हाही बीटा ब्लॉकर, पण तिच्यासारख्या कमजोर हृदयात आयुष्य वाढवणारा. मी म्हटलं, "आत्या, तुमची बंद होत नाही. तुमची एक दिवससुद्धा चुकवायची नाही."

मग सहज विचारलं, किती गोळ्या शिल्लक आहेत? उद्या सकाळपर्यंतच्या. तिच्या दुकानदाराकडे माल सोमवारी येणार, आणि ती तोवर "तशीच राहणार" होती. साताऱ्यात दोन दुकानं फिरून तिच्याच ताकदीच्या दोन स्ट्रिप मिळाल्या. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून मिलिग्रॅम ताडून घेतले. बाबा उद्या सकाळच्या कराड गाडीने घेऊन जातायत.